सरांचं मस्टर

“हजर! पूर्ण हजर! लिही, अकोलेकर, लिही, मी खाली उतरेपर्यंत थांबू नको!”

सर खुर्चीवर उभे होते. खुर्चीत बसलेले नव्हेत, खुर्चीवर उभे. तीही प्लॅस्टिकची, तीन पायांवर ठाम आणि चौथ्यावर विचारात पडलेली. वय एकोणसत्तर, छातीत डॉक्टरांनी बसवलेली एक स्प्रिंग, आणि कानांवरून गुंडाळलेला दुपट्टा सुटून खांद्यावर आलेला. एप्रिलची दुपार, अकोल्याचं सभागृह, लाइट गेलेली. चारशे माणसं माना वळवून आमच्या रांगेकडं पाहत होती. बरं, तीनशे. गाणारी बाई तेवढी गातच होती.

सरांच्या शेजारी त्यांची मुलगी होती. तिला मी ताई म्हणायचो. कुठलीही मुलगी अशा वेळी बापाला खाली ओढेल, पण ताई हातांची घडी घालून हसत होती. हसणारच. त्या एका आरोळीत बाप पैज हरला होता, आणि अमरावतीचं घर सोडून पुण्याला जायचं, अशी ती पैज होती.

सर म्हणजे माझे घरमालक. झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. मी बँकेच्या बदलीवर अमरावतीला आलो आणि त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि गाव ऐकून नाव विसरले. तेव्हापासून साडेपाच वर्षं मी ‘अकोलेकर’. हा शब्द ते अशा सुरात उच्चारायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं मला काही दुखणं आहे आणि औषध चालू आहे.

“अकोल्यात पाहाले काय आहे?” ते दर रविवारी विचारायचे.

“सर, कापसाचा बाजार...”

“कापूस पाहाले नाई जात, इकाले जातात. खायाले काय आहे?”

“सर, आमच्याकडची पातोडी एकदा...”

“अन् आयकाले?”

मी विषय बदलायचो. भाडं कमी होतं.

आता मस्टर. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सरांनी घड्याळ परत केलं आणि त्याच्या बदल्यात कपाटातलं एक कोरं हजेरीपत्रक मागून घेतलं. लांबट, पुठ्ठ्याचं, पाठीला निळं कापड. चौतीस वर्षं हजेरी घेतल्याशिवाय त्यांनी खडूला हात लावला नव्हता. वर्ग गेला पण सवय गेली नाही, म्हणून त्यांनी अख्खं अमरावती शहर वर्गात बसवलं. डावीकडच्या रकान्यात नावं: गिला वडा, चौकातला. तर्रीपोहे, बसस्टँडमागचे. नाट्यमंडळ थोरलं, नाट्यमंडळ धाकलं. बासरीवाला. चित्रकार दाढीचा, चित्रकार बिनदाढीचा. पुढं तारखांचे बारीक रकाने आणि त्यांत ‘ह’ किंवा ‘गै’. हजर किंवा गैरहजर. तिसरा शेरा नाही.

“अंगानं तं सगळेच येतात,” सर म्हणायचे. “खाटीवर घोरत पडलेला मानूसबी घरी हजरच असते. मी मनाची हजेरी घेतो.”

आणि घ्यायचे. शनिवार-रविवार संध्याकाळी पाच वाजता पांढरा सदरा घालून, मस्टर बगलेत धरून ते निघायचे. सोबत मी, कारण गाडी माझी. हॉटेलात शिरले, की गल्ल्यावरचा मालक उभा राहायचा. पहिला घास सर डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही चावायचे थांबत. मग पेन निघायचं. एकदा एका मोठ्या एसी हॉटेलात त्यांनी पनीरचा एक तुकडा खाल्ला, मॅनेजरला बोलावलं आणि विचारलं, “आचाऱ्याच्या घरी सगळं ठीक आहे ना?”

मॅनेजर गडबडला. आत जाऊन आला. “सर, त्याच्या पोराचा दहावीचा रिझल्ट आहे उद्या.”

“दिसून राहिलं. पनीर हजर आहे, आचारी गैरहजर. त्याले घरी पाठव.”

आचाऱ्याला खरंच घरी पाठवलं. पोरगा एकाहत्तर टक्क्यांनी पास झाला आणि पेढे पहिल्यांदा सरांकडं आले. एकाहत्तर की एकसष्ट ते मला आता आठवत नाही, पण पेढे मी खाल्ले आहेत.

अमरावतीच्या लोकांनाही या मस्टरची अशी सवय लागली, की ते शाळकरी पोरांसारखे वागू लागले. चौकातला गिला वड्याचा गाडीवाला तर कहरच होता. गिला वडा म्हणजे भिजवून कापसासारखा केलेला उडदाचा वडा, वर दही, त्यावर लाल चटणी. अमरावतीचा माणूस तो उभ्यानं खातो आणि खाताना कुणाशी बोलत नाही. एके शनिवारी आम्ही गेलो, तर गाडीवाल्यानं वडा द्यायच्या आधी घडी घातलेला कागद पुढं केला. सरांनी चष्मा लावून वाचला. ‘महोदय, दही लावणारी माझी बायको मोर्शीला भाचीच्या लग्नाला गेली असल्यामुळे आजचे दही बाहेरचे आहे. तरी एक दिवसाची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.’

सरांनी गाडीवर कागद ठेवून ‘मंजूर’ लिहिलं, सही ठोकली. त्या दिवशी वडा न खाता आम्ही परत आलो. मी म्हणालो, “सर, बाहेरचं दही तर बाहेरचं, मला भूक लागली होती.”

“रजेवरच्या मानसाले काम सांगत नाई,” सर म्हणाले.

पुढं पुढं असे अर्ज घरी येऊ लागले. दाराच्या फटीतून आत सरकवलेले. तबलजीचं बोट दाराच्या कडीत सापडलं, अर्ज. भजनी मंडळाच्या पेटीतून उंदीर निघाला, अर्ज. एका नटानं तर ‘भूमिका समजलेली नाही’ या कारणासाठी तीन प्रयोगांची वैद्यकीय रजा मागितली होती. ती सरांनी नामंजूर केली.

नाटकाचं सांगायलाच हवं. हौशी नाटकांच्या स्पर्धेला सर तिसऱ्या रांगेत मधोमध बसायचे. परीक्षक पहिल्या रांगेत असायचे, पण नटांची नजर परीक्षकांच्या डोक्यांवरून तिसऱ्या रांगेत. एका नाटकात थोरल्या मंडळाचा नायक बापाच्या प्रेताजवळ बसून रडत होता. रडता रडता त्यानं डाव्या हातानं हळूच धोतराचा काष्टा चाचपला. झालं. सरांनी शांतपणे मस्टर उघडलं. पानांची फडफड त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. नायकानं मान वर केली आणि प्रेताला सोडून सरांकडं पाहिलं.

प्रयोग संपल्यावर सर रंगपटात गेले. नट ओळीनं उभे. कुणीतरी खुर्ची पुसली.

“सर, कसं झालं?” नायकानं विचारलं.

“कोनाचं?”

“माझं.”

“तू होता का? मले तं काष्टा दिसला. त्याची हजेरी लावली.”

तो पोरगा नंतर दीड महिना घरात धोतर नेसून वावरला, असं त्याची आई सांगायची. पुढच्या वर्षी त्यानं राजाचं काम केलं. अंगावर आठ किलोचा पोशाख, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, आणि अडीच तासांत एकदाही हात कशाला लागला नाही. सरांनी लाल शाईत ‘ह’ लिहिला. लाल शाई त्यांनी मस्टरात दोनदाच वापरली, त्यातली ही पहिली. पोरानं त्या पानाचा फोटो काढून घरात लावला. शेजारी परीक्षकांचं प्रमाणपत्रही आहे, पण ते दाराआड येतं.

चित्रकारांचं निराळं. ते स्वतःला शहाणे समजत, मस्टरबिस्टर मानत नसत. दाढीच्या चित्रकारानं मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेचं सहा फुटी चित्र काढलं. उद्घाटनाला सर गेले आणि चित्रासमोर नाक लावून उभे राहिले.

“सर, चित्र डोळ्यांनी बघायचं असतं,” चित्रकार म्हणाला.

“पाहून राहिलो. बगीच्यात गेलता तू?”

“गेलो होतो ना.”

“किती वेळ?”

चित्रकारानं दाढी खाजवली. “मोबाइलवर फोटो काढला आणि आलो. ऊन फार होतं.”

“म्हनूनच,” सर म्हणाले. “झाडाखाली सावलीच नाई.”

हॉलमधले सगळे लोक चित्राकडं वळले. सहा फूट बाग, चाळीस झाडं आणि सावली कुठंच नाही. चित्रकारानं दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र उतरवून मोटरसायकलीला आडवं बांधलं आणि मोर्शी गाठली.

या सगळ्यावरून सरांचं गावात काय चालायचं ते लक्षात येईल. पण त्यांनी स्वतः कधी चार आण्याचाही फायदा उचलला नाही. मस्टरच्या पहिल्या पानावर पहिलं नाव ना हॉटेलाचं होतं ना नाटकाचं. ते होतं ‘पिठलं, घरचं’, आणि त्यापुढं वर्षानुवर्षं ओळीनं ‘ह’. मध्ये एकच ‘गै’, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात शेरा: माहेरी. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर त्या नावापुढचे रकाने कोरे होते, पण नाव खोडलेलं नव्हतं. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही. थापा मारणाऱ्या माणसालाही काही गोष्टी विचारायच्या नसतात एवढं कळतं.

मग गेल्या माघात सरांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली, आणि ताई पुण्याहून आली ती ठरवूनच. पुण्यात तिचा तीन खोल्यांचा फ्लॅट. एक खोली रिकामी, खाली बाग, लिफ्ट.

“बाबा, तुम्ही इथं एकटे. काही झालं तर?”

“वर अकोलेकर आहे.”

“ते झोपलेले असले तर?”

“तं मीबी झोपीन.”

“पुण्यात काय कमी आहे? रोज नाटक असतं, चित्रांची प्रदर्शनं असतात, हवी तेवढी हॉटेलं आहेत.”

“त्या तिकिटाइतच माही पेन्शन सरन.”

असं महिनाभर चाललं. ताई दर आठवड्याला फोन करायची, पंधरा दिवसांनी यायची. ती सरांचीच मुलगी. शेवटी एप्रिलमध्ये एका शनिवारी तिनं जेवता जेवता पेच टाकला.

“बाबा, मस्टर खोटं लिहीत नाही हे खरं?”

“मी एक वेळ खोटं बोलीन, मस्टर नाई.”

“मग ऐका. इथं तुम्हाला मजा येते, कारण सगळं गाव तुमचं पाठ आहे. माझं म्हणणं, मजा तुमच्यात आहे, गावात नाही. एक रविवार अशा गावात काढू, जिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. खाऊ, बघू, ऐकू. तिथं मस्टरात ‘ह’ पडला, की तुम्ही पुण्याला यायचं. नाही पडला, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही.”

सरांचे डोळे चमकले. ते माझ्याकडं वळले.

“गाव मी ठरवतो,” सर म्हणाले. “अकोला.”

मी घास खाली ठेवला. “सर, हे बरोबर नाही.”

“तू मंधात बोलू नको, अकोलेकर. तुही गाडी लागन.”

म्हणजे माझी पंचाईत पाहा. अकोल्यानं नाक राखलं, तर घरमालक जाणार, घर विकलं जाणार आणि मला शहरात दुसरी खोली शोधावी लागणार. अकोल्यानं नाक कापलं, तर आयुष्यभर ऐकावं लागणार. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी गाडीत पेट्रोल भरताना ठरवलं, की नाक राखायचं. खोली काय, मिळते.

बडनेरा ओलांडलं, मूर्तिजापूर ओलांडलं, तसं ऊन चढत गेलं. अकोल्यात पोचेपर्यंत गाडीचं स्टिअरिंग मी चिमट्यानं धरलं होतं. ताई म्हणेल, रुमालानं. तेवढा फरक सोडा. सरांनी कानांवरून दुपट्टा असा आवळून घेतला होता, की फक्त नाक आणि चष्मा बाहेर.

पहिला मुक्काम जेवणाचा. जुन्या वस्तीत टिनाच्या शेडखाली एक बाई चुलीवर भाकरी करते, तिथं मी त्यांना नेलं. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा आणि पातोडी, म्हणजे बेसनाच्या वड्या लालभडक रश्श्यात सोडलेल्या. त्या रश्श्याचा वास आला, की रस्त्यावरचा सायकलवाला पायडल मारायचा विसरतो. सरांनी घास घेतला. डोळे मिटले. उघडले. चेहरा कोरा करकरीत.

“कसं आहे?” मी विचारलं.

“आहे.”

दुसरी भाकर. तिसरी. “तपासून राहिलो,” ते म्हणाले. चौथी.

ताई एकटक त्यांच्याकडं बघत होती. “बाबा, दुपट्टा काढा.”

“ऊन आहे.”

“हॉटेलात?”

“अकोल्याचं ऊन हॉटेलातबी येते.”

ताई माझ्याकडं झुकली. “लहानपणापासून बघते मी. यांना काही आवडलं ना, की डावा कान हलतो. म्हणून झाकलाय.” मी वाकून पाहिलं. डाव्या बाजूनं दुपट्टा हलत होता. भाकर वाढणाऱ्या बाईला वाटलं आत चिमणी अडकली आहे. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

“हजेरी?” ताईनं विचारलं.

“गाडीत घेऊ. हात खराब आहेत.”

दुसरा मुक्काम चित्रांचा. एका शाळेच्या हॉलमध्ये पोरांनी प्रदर्शन लावलं होतं. गर्दी नव्हती. दाराजवळच एक जलरंगातलं चित्र होतं, पहाटेच्या बाजारात उभ्या कापसाच्या गाड्या. पांढऱ्या कागदावर पांढरा कापूस, आणि तरी एकेक गाडी वेगळी, एकेकीचं ओझं वेगळं. गाडीवानांच्या पाठीच फक्त दिसत होत्या, पण कोण किती वेळचा ताटकळलाय ते कळत होतं. चित्रकलेत मला काही कळत नाही. मलासुद्धा ते कळलं, म्हणजे बघा.

सरांनी त्या चित्राकडं एकदा पाहिलं आणि झटकन पाठ फिरवली. समोर भिंतीवर स्विचबोर्ड होता. त्याच्यासमोर ते वीस मिनिटं उभे राहिले.

“बाबा, चित्र मागं आहे.”

“मी हे पाहून राहिलो. जुन्या वळनाचा बोर्ड आहे. चांगला आहे.”

“मग त्याची हजेरी लावा.”

“गाडीत.”

मी त्यांच्या बाजूनं वाकून पाहिलं. बोर्डाच्या वर घड्याळ होतं आणि घड्याळाच्या काचेत ते चित्र दिसत होतं. सर काचेतून कापसाच्या गाड्या मोजत होते. दुपट्टा फडफडत होता.

दुपारी साडेतीनला सभागृह. भीमजयंतीच्या निमित्तानं लोकगीतांचा कार्यक्रम होता. आधी तीन भाषणं झाली, त्यांत सर मजेत होते. भाषणांत ‘ह’ पडायची भीती नव्हती. मग पातूर तालुक्यातली एक बाई गायला बसली. पन्नाशीची, निळं लुगडं, नवरा पेटीवर, सून ढोलकीवर. दिवसा शेतात मजुरी करते आणि गाणी स्वतः बांधते, असं निवेदकानं सांगितलं. पण कूलर चार, आणि त्यांचा आवाज असा, की बाई काय गाते ते कूलरलाच माहीत. सर पाय लांब करून बसले. मला म्हणाले, “पाह्यलं अकोलेकर? गाव अंगानं हजर आहे.”

तेवढ्यात लाइट गेली.

कूलर थांबले, माइक गेला, पंखे गिरक्या घेत घेत मेले. लोक उठू लागले. बाईनं माइक खाली ठेवला, पदर खोचला, स्टेजच्या तीन पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेसमोर येऊन म्हणाली, “बसा. लाइट गेली, मी नाई गेली.”

आणि गायला लागली. आपल्या आईचं गाणं होतं. जन्मभर अंगठा देणारी आई साठाव्या वर्षी सही शिकते, आणि पहिली सही करते ती नातीच्या शाळेच्या दाखल्यावर.

‘अंगठ्याची शाई धुतली गं बाई,
आता माहं नाव मीच लिहीन.’

बाई खुर्च्यांच्या मधून चालत गात होती. ज्या रांगेपाशी जायची ती रांग वारा लागल्यासारखी सरळ व्हायची. ‘लिहीन’वर ती थांबायची आणि हवेत बोटानं सही करायची, सावकाश, एकेक अक्षर, कुठं हात अडखळला तिथं अडखळून. तीनशे माणसं श्वास धरून ती सही पुरी व्हायची वाट बघत. घामानं सगळे ओले होते आणि उठून कुणीही गेलं नाही. ती आमच्या रांगेपाशी आली, थांबली, बोट उचललं.

सरांनी दुपट्टा ओढून काढला आणि खुर्चीवर चढले. पुढची आरोळी तुम्ही ऐकलीच आहे.

कार्यक्रम संपला. सरांनी मस्टर काढलं, खिशातून लाल पेन काढलं आणि स्टेजमागं निघाले. पैजेचं भान त्यांना नव्हतंच. चालणं असं, की वीस वर्षांनी तरुण झालेले. मागं मी आणि ताई. अमरावतीत सर रंगपटात शिरले की काय होतं ते मी पाहिलेलं होतं, म्हणून मी आपला खुर्ची कुठं आहे ते बघत होतो.

बाई तांब्यानं पाणी पीत होती. नवरा पेटीला दोरी बांधत होता. सरांनी मस्टर उघडून पुढं धरलं. पान भरून एकच ‘ह’, लाल.

बाईनं पान पाहिलं, सरांना पाहिलं. “हे काय होय?”

“हजेरी.”

“कायची?”

“तुमची. पूर्ण हजेरी.”

“मी तं तुमच्या म्होरंच होती,” बाई म्हणाली. “तुमी कोन?”

मस्टर हातात, लाल शाई अजून ओली, आणि सर बाईकडं असे बघत होते, जसं नव्या शाळेत पहिल्या दिवशी पोरगं बघतं.

शेवटी ताईच पुढं झाली. “हे ड्रॉइंगचे सर आहेत, अमरावतीचे. तिकडं सगळे ओळखतात यांना.”

“ओळखत असतीन,” बाई म्हणाली. “बाबाजी, जरा सरका. पेटी न्यायची आहे.”

सर सरकले. मग मस्टर माझ्या हातात देऊन त्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली. नवरा नको नको म्हणत होता, ताई “बाबा, वजन उचलू नका” म्हणत होती, पण ऑटोपर्यंत ती पेटी त्यांनीच नेली. बाईनं बसता बसता हात जोडले. ऑटो गेला. सर धुळीत उभे होते आणि डावा कान अजून हलत होता.

परतताना मूर्तिजापूरचा रस्ता धरला. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. मागच्या सीटवर सर मस्टर मांडीवर घेऊन लिहीत होते, धक्के बसत होते तरी लिहीत होते. सूर्य बुडायला आला, तेव्हा मी एका टपरीवर गाडी थांबवली. बाकावर बसल्यावर सरांनी मस्टर ताईपुढं सरकवलं. भाकर, ह. पातोडी, ह. ठेचा, ह. कापसाच्या गाड्या, ह. गाणारी बाई, ह.

“घे,” ते म्हणाले. “पाच. अकोलेकरले दाखव, नाहीतर त्याले झोप लागनार नाई. मी हारलो. पुन्यातबी मले मजा येईन, तू बरोबर होती. शब्द दिला तं दिला. आता तारीख सांग. मे महिन्यात येऊ का, का तुमच्याकडं जून बरा असते?”

ताईनं पान पाहिलं. ‘तुमी कोन?’ ऐकल्यावरचा बापाचा चेहरा तिनंही पाहिला होता. मग मस्टर मिटून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला.

“दिवाळीनंतर पाहू,” ती म्हणाली.